एसएमपीएस बदलला आणि तिन्ही डिस्क गेल्या: नागपूरच्या एका फोटो स्टुडिओचं प्रकरण

मे महिन्यात नागपुरात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ज्या मशिनी येतात त्यातल्या अर्ध्याअधिक मशिनींची तक्रार एकच असते, "चालूच होऊन नाही राह्यलं." बहुतेक वेळा एसएमपीएस, म्हणजे मेन्सची वीज पीसीला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणारा डबा, गेलेला असतो, तो बदलला की विषय संपला. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण यात एसएमपीएस गेला तेव्हा डेटाचं फार काही बिघडलं नव्हतं, खरं नुकसान दुसऱ्या दिवशी नवा कोरा एसएमपीएस लावल्यावर झालं, आणि मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारे, एसएमपीएस सगळीकडे मिळायला लागल्यापासून अशा केसेस मला पुन्हा पुन्हा दिसताहेत. स्टुडिओवाल्या काकाजींना विचारूनच लिहितोय, नाव-पत्ता देत नाही, कंपन्यांची नावं पण देत नाही.

मशीन असं होतं. लग्नाचे फोटो-व्हिडिओ एडिट करायचा पीसी, ६५० वॉटचा मॉड्युलर एसएमपीएस, विंडोजसाठी एक साटा एसएसडी (चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क), कामाचा सगळा डेटा एका ४ टीबीच्या ३.५ इंची हार्ड डिस्कवर, आणि तेवढीच दुसरी डिस्क बॅकअप म्हणून त्याच कॅबिनेटमध्ये. तिन्ही डिस्क एकाच साटा पॉवर केबलवर, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या केबलवर. खोलीत खिडकीला कूलर, आणि कूलर, पीसी, दोन मॉनिटर हे सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. यूपीएस होता पण त्याची बॅटरी कधीच गेलेली, म्हणजे लाईन गेली की मशीन धाडकन बंद.

काकाजी म्हणाले अचानक गेलं. पण नीट विचारलं तर महिनाभर आधीपासून लक्षणं होती. सकाळी पहिल्यांदा बटन दाबलं की सुरू व्हायचं नाही, दोन-तीनदा दाबावं लागायचं. कूलर सुरू केला की पीसी कधीकधी आपोआप रिस्टार्ट व्हायचा. एडिटिंग चालू असताना कॅबिनेटमधून मधेच "टक" असा आवाज यायचा. आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, ही गोष्ट तर त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नाही, बोलता बोलता निघाली.

झिणझिण्यांचं कारण असं की एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर बॉडीवर मेन्सच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट फार थोडा असतो, पण अर्थिंग नाही हे त्यातून नक्की कळतं. नंतर जाऊन पाहिलं तर एक्स्टेन्शन बोर्डाच्या प्लगची अर्थची पिनच तुटलेली होती.

आणि तो "टक" आवाज म्हणजे हार्ड डिस्कची पॉवर क्षणभर तुटायची तेव्हा हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) घाईघाईने पार्किंगला जायचे त्याचा. हे मी अंदाजाने म्हणत नाही, पुढे डिस्क चालू झाल्यावर स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदीत, पाहिलं तर १९२ नंबरचा आकडा, म्हणजे अचानक पॉवर गेल्यामुळे हेड किती वेळा मागे घ्यावे लागले तो आकडा, डिस्कच्या वयाच्या मानाने खूपच मोठा होता. म्हणजे डिस्क महिनाभर ओरडून सांगत होती की मला पॉवर नीट मिळत नाही.

जुना एसएमपीएस मी उघडून पाहिला. हे घरी कुणी करू नये, प्लग काढल्यावरही आत मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास, अॅक्टिव्ह पीएफसीवाला असेल तर ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत डीसी साठलेला असू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. आत पंख्यावर धुळीचा नमदा, कारण कूलरच्या ओल्या हवेने धूळ चिकटून बसते, निघत नाही. पंखा जवळपास जाम. आउटपुटच्या बाजूचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले आणि एकाच्या बुडातून तपकिरी पाणी येऊन सुकलेलं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा साधा हिशेब आहे, तापमान १० अंश वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं. बाहेर ४५ अंश, पंखा जाम, मग आत किती असेल विचार करा. हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस सुरू करायची जी युक्ती सगळे करतात ती मी पण केली, आणि एसएमपीएस सुरू झाला, मीटरवर १२ व्होल्टच्या लाईनला बरोबर १२ दाखवत होता. पण लोड दिला की १०.८ वर घसरत होता. एटीएक्सला, म्हणजे पीसीच्या एसएमपीएसच्या स्टँडर्डला, ५ टक्के सूट आहे, म्हणजे १२ ची लाईन ११.४ च्या खाली गेली की तो एसएमपीएस बाद. म्हणून बिनलोडचं टेस्टिंग पाहून "एसएमपीएस चांगला आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तर एक दिवस दुपारी कार्डमधून डेटा कॉपी होत असतानाच मशीन बंद पडलं आणि परत सुरू झालं नाही. त्या क्षणी तिन्ही डिस्क चांगल्या होत्या. तेव्हा काढून आणल्या असत्या तर जास्तीत जास्त त्या चालू कॉपीमधल्या फायली गेल्या असत्या, बाकी काही नाही.

काकाजींच्या भाच्याने दुसऱ्या दिवशी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) नवा एसएमपीएस आणला. दुसऱ्या कंपनीचा, हा पण मॉड्युलर, हा पण ६५० वॉट. पोरगा हुशार आहे, मदरबोर्डाची आणि प्रोसेसरची केबल नवी लावली. पण डिस्कची पॉवर केबल कॅबिनेटच्या पाठीमागून टाय मारून नेलेली होती, ती काढायचा कंटाळा, आणि एसएमपीएसच्या बाजूचं सहा पिनचं टोक नव्या एसएमपीएसमध्ये टक्क करून बसलं. बसलं म्हणजे बरोबर असणार असं कुणालाही वाटेल. इथेच सगळं गेलं.

डिस्कच्या बाजूचा साटा पॉवर कनेक्टर जगभर सारखा आहे, १५ पिन, त्यात तीन-तीन पिना ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या, बाकी ग्राउंड आणि एक कंट्रोलची. पण मॉड्युलर केबलचं दुसरं टोक, जे एसएमपीएसमध्ये जातं, त्याला काही स्टँडर्ड नाही. कंपनीगणिक पिना वेगळ्या, कधी एकाच कंपनीच्या दोन सीरिजमध्ये पण वेगळ्या. आणि आजकालच्या केबल पूर्ण काळ्या पट्टीच्या असतात, पिवळी म्हणजे १२ आणि लाल म्हणजे ५ हे रंग पाहून ओळखायची सोयच नाही. मी ती जुनी केबल मीटरच्या बजरवर लावून पिन पिन मोजली आणि नव्या एसएमपीएसच्या सॉकेटवर कोणत्या खाचेत किती व्होल्ट येतात तेही मोजलं. जिथे जुन्याचे ५ व्होल्ट तिथे नव्याचे १२, जिथे जुन्याचे १२ तिथे नव्याचे ५. ग्राउंड जागच्या जागी. म्हणजे तिन्ही डिस्कच्या ५ व्होल्टच्या लाईनवर सरळ १२ व्होल्ट गेले.

३.५ इंची डिस्कमध्ये १२ व्होल्टवर मोटर फिरते आणि ५ व्होल्टवर डिस्कच्या सर्किट बोर्डाचं इलेक्ट्रॉनिक्स, आतला हेडजवळचा प्रीअॅम्प (हेडचा सिग्नल वाढवणारी चिप) पण. मोटरला ५ मिळाले त्याने काही जळत नाही. पण ५ च्या जागी १२ म्हणजे संकट. याच्यासाठीच डिस्कच्या बोर्डावर कनेक्टरजवळ दोन टीव्हीएस डायोड बसवलेले असतात, एक ५ च्या लाईनला, एक १२ च्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो डायोड ते अंगावर घेतो, आणि फार झालं तर स्वतः शॉर्ट होऊन बसतो. लाईन शॉर्ट झाली की एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप होतं आणि मागच्या चिपा वाचतात. माणसाला वाटतं डिस्क मेली. खरं तर डिस्क वाचलेली असते.

पण ती वाचते पहिल्या झटक्याला. बटन दाबलं तेव्हा पंखा अर्धा गरका घेऊन थांबला, असं भाचा सांगत होता. मग त्याने परत दाबलं. मग एसएसडी काढून दाबलं. मग एकेक डिस्क वेगळी लावून पाहिली, कोणती खराब आहे ते कळावं म्हणून. आणि सगळ्यात जास्त वेळा लावली बॅकअपची डिस्क, कारण "बॅकअप तं चालू होईनच ना." प्रत्येक वेळी तोच १२ व्होल्टचा दणका. शॉर्ट झालेला टीव्हीएस असे दणके खाऊन शेवटी जळून उघडा पडतो, आणि एकदा तो उघडला की अडवायला कुणी उरत नाही, १२ व्होल्ट सरळ चिपांमध्ये जातात. ज्या डिस्कवर सगळ्यात जास्त भरवसा होता तीच अशी सगळ्यात जास्त भाजली गेली.

मग काकाजी तिन्ही डिस्क गमछ्यात गुंडाळून घेऊन आले. "भाऊ, पाह्य बरं, एवढ्या लोकांच्या लग्नाचं हाय याच्यात, मी तोंड कसं दाखवू त्याहिले." भाचा मागे उभा, एक शब्द बोलत नव्हता. त्याला मी तेव्हाच सांगितलं की बाबू, तू जे केलं ते शिकलेले टेक्निशियन पण करतात, आता फक्त काय काय केलं ते क्रमाने सांग, काही लपवू नको. त्याने खरंच सगळं सांगितलं आणि त्यामुळे पुढचा अर्धा रस्ता सोपा झाला, कारण कोणत्या डिस्कला किती मार बसला हे आधीच कळलं, आणि कोणतीही डिस्क मी नुसती "लावून पाहू" म्हणून लावली नाही.

आधी कामाची डिस्क घेतली. बोर्ड काढून मीटर लावला, ५ च्या लाईनला ग्राउंडशी जवळजवळ शून्य ओम, १२ ची लाईन ठीक. म्हणजे टीव्हीएस शॉर्ट, आणि शॉर्टच आहे म्हणजे त्याने मागच्यांना वाचवलं असायची शक्यता मोठी. तो डायोड हॉट एअरने उचलला, परत मोजलं, शॉर्ट गेला. हा काही रुपयांचा पार्ट आहे, तो नसला तरी डिस्क चालते, फक्त आता तिला संरक्षण नाही, म्हणून ती परत कुणाच्या पीसीत लावायची नाही, बेंच सप्लायवर करंटची मर्यादा घालून चालवायची आणि लगेच क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब कॉपी, करायची. बोर्ड उलटा केला तर हेडकडे जाणारे जे उघडे पॅड असतात ते काळे पडलेले, पुन्हा कूलरची ओल. ते खोडरबराने हलके घासून आयसोप्रोपिलने पुसले. मोटरच्या पिनांमधला रेझिस्टन्स सारखा आला. मग पॉवर दिली, डिस्क फिरली, हेड नीट लोड झाले, खडखड नाही, मॉडेल नंबर आला. काकाजी समोरच होते, त्यांना मी तेव्हा पण "झालं" म्हटलं नाही कारण ओळख पटणं आणि डेटा वाचणं यात खूप अंतर आहे.

अशी डिस्क विंडोजला लावायची नाही हे माझं ठाम मत आहे. विंडोज ड्राइव्ह दिसला की त्यावर लिहायला लागतं, आणि "स्कॅन अँड फिक्स" विचारलं की माणूस घाबरून हो म्हणतो, मग चेकडिस्क फायलींची जी वाट लावतं ती परत येत नाही. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर लावलं, नव्या डिस्कवर सेक्टर टू सेक्टर कॉपी. त्याची पद्धत मला आवडते, आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलं की तिथे रेंगाळत नाही, पुढे उडी मारतं, आणि कुठे काय राहिलं ते मॅप फाईलमध्ये लिहून ठेवतं, मग शेवटी त्या अवघड जागांवर परत येतं. डिस्क मधेच दमली तर थांबवून थंड करून तिथूनच पुढे सुरू करता येतं. ४ टीबीला सगळं सुरळीत असलं तरी ७-८ तास लागतात, इथे जास्त लागले, कारण काही भागात डिस्क अडखळत होती. शेवटी काही एमबी राहिलेच. ते कोणत्या फायलीतले हे कळायला क्लोनवर त्या न वाचलेल्या जागांमध्ये एक ओळखीचा मजकूर भरला आणि मग ज्या फायलींमध्ये तो मजकूर सापडतो त्यांची यादी काढली. थोड्या रॉ फायली (कॅमेऱ्यातल्या मूळ फोटो फायली) आणि एक व्हिडिओ, सगळं आधीच्या वर्षीच्या डिलिव्हरी झालेल्या लग्नातलं. तिथे काकाजींनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

पण अजून एक लग्न होतं, जे मशीन बंद पडताना कॉपी होत होतं. फोल्डर उघडला तर सगळी नावं दिसत होती, साईझ पण बरोबर, आणि सुरुवातीचे फोटो सोडले तर उघडतच नव्हते. हेक्समध्ये, म्हणजे फाईलचे कच्चे आकडे उघडून, पाहिलं तर आत नुसते शून्य. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फायली ठेवायची पद्धत, तिचा जर्नल (नोंदवही) फायलीचं नाव, साईझ, जागा एवढं सांभाळतो, आतला मजकूर डिस्कवर उतरायच्या आत पॉवर गेली तर तो सांभाळत नाही. म्हणजे इथे डिस्कचा दोष नव्हता आणि डिस्कमधून काही निघणारही नव्हतं, ते फोटो डिस्कवर कधी उतरलेच नव्हते. हे त्या लग्नातल्या नवरीच्या हळदीचं शूट होतं.

मी विचारलं, कार्डं कुठे आहेत? एक कार्ड तसंच होतं. दुसरं कॅमेऱ्यात फॉरमॅट करून त्यावर फुटाळा तलावावर एक छोटं प्री-वेडिंग शूट झालेलं. मी म्हटलं आता त्या कार्डावर एक फोटो पण काढू नका, आहे तसं आणा. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट फक्त यादी पुसतं, फोटो जागेवरच असतात, जोवर त्यांच्यावर नवीन काही लिहिलं जात नाही. लो लेव्हल फॉरमॅटचा पर्याय निवडलेला असला तर गोष्ट वेगळी, पण इथे तो नव्हता. कार्डाची पण आधी पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, घेतली, मग इमेजवर फोटोरेक हे पुसलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. नावं जातात, पण फोटोच्या आत तारीख-वेळ असते, त्यावरून ओळीने लावता येतात. प्री-वेडिंगने जेवढी जागा खाल्ली तेवढे फोटो गेले, बाकी सगळे आले. व्हिडिओचं तसं नाही, व्हिडिओचे तुकडे कार्डावर विखुरलेले असतात, त्यामुळे हळदीच्या दोन क्लिप अर्ध्यावर तुटलेल्या निघाल्या.

एसएसडीवर आशा नव्हती. तिला तसा टीव्हीएस दिसलाच नाही, पॉवरची चिप जळून खड्डा पडलेला, आणि मागे कंट्रोलर पण शॉर्ट. लोक म्हणतात मेमरी चिपा काढून वाचा, पण आजकाल कंट्रोलर डेटा मिसळून, बऱ्याचदा एन्क्रिप्ट करून लिहितो, कंट्रोलरच मेला तर चिपांमध्ये जे हाती येतं त्याचा काही अर्थ लागत नाही. त्यात लाईटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंवर केलेल्या कामाची नोंद) होता, आणि कॅटलॉगचा बॅकअप लाईटरूम डिफॉल्टने कॅटलॉगच्याच शेजारी ठेवतं, म्हणजे तो पण त्याच एसएसडीत. बदल फोटोशेजारच्या एक्सएमपी फाईलमध्ये आपोआप लिहायचं सेटिंग डिफॉल्टने बंद असतं, ते कुणी चालू केलेलं नव्हतं. फोटो बहुतेक मिळाले, पण त्यांच्यावर केलेलं रंगाचं काम, निवड, स्टार, सगळं गेलं. तीन अल्बमचं एडिटिंग पहिल्यापासून.

बॅकअपच्या डिस्कचं सांगायचं राहिलं. तिचा ५ चा टीव्हीएस जळून उघडा, मोटर ड्रायव्हर चिपवर पिनाच्या टोकाएवढा काळा डाग. तसाच बोर्ड नंबर असलेला दुसरा बोर्ड मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवला. इथे एक गैरसमज काढून टाकतो, सारखा बोर्ड आणून स्क्रू लावला की डिस्क चालू होते हे फार जुन्या डिस्कचं खरं होतं. आता बोर्डावर आठ पायांची एक छोटी रॉम चिप असते, त्यात त्या एका डिस्कच्या हेडांचं आणि प्लॅटरचं (आतल्या तबकड्यांचं) कारखान्यात केलेलं कॅलिब्रेशन असतं, काही मॉडेलमध्ये तर ते मुख्य चिपच्या आतच असतं. दुसऱ्याची रॉम लावणं म्हणजे दुसऱ्याची पत्रिका घेऊन लग्न जुळवायला बसणं. जळक्या बोर्डावरची रॉम उचलून नव्या बोर्डावर बसवली. डिस्क फिरली, आणि लगेच टक-टक-टक. लगेच पॉवर काढली. बोर्ड बदलूनही असा आवाज म्हणजे आतला प्रीअॅम्प गेलेला असण्याची दाट शक्यता, त्याला ५ व्होल्टच लागतात आणि त्याने पण १२ खाल्लेले. पुढचं काम क्लीन रूममध्ये डिस्क उघडून हेड बदलायचं आहे, ते माझ्या टेबलावर होत नाही आणि जो कुणी साध्या खोलीत झाकण उघडतो म्हणतो त्याच्या हातात डिस्क देऊ नका. खर्च हजारोंच्या घरात, आणि त्या डिस्कवर असं काय होतं जे क्लोनवर नाही? यादी लावून पाहिली तर तेच जुन्या लग्नातले थोडे फोटो आणि एक व्हिडिओ, जे घरच्यांना आधीच मिळालेले. काकाजींनी नको म्हटलं, मला पण ते बरोबर वाटलं.

परत मशीन जोडताना नव्या एसएमपीएसच्या डब्यातलीच साटा केबल घेतली, डिस्क लावायच्या आधी कनेक्टरवर मीटर धरला, १२.१ आणि ५.०४, मग डिस्क लावली. भाच्याकडूनच मोजून घेतलं. जुनी केबल कापून टाकली, कारण ड्रॉवरमध्ये ठेवलेली केबल कधी ना कधी कुणीतरी लावतोच. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, कूलर दुसऱ्या बोर्डावर नेला, यूपीएसला नवी बॅटरी टाकली. बॅकअप आता दोन यूएसबी डिस्कवर जातो, एक स्टुडिओत राहते, कॉपी झाली की तिचा प्लग निघतो, आणि दुसरी काकाजींच्या घरी असते, आठवड्याने अदलाबदल. आणि अल्बम घरच्यांनी पाहून "ठीक आहे" म्हणेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं, त्यासाठी जास्तीची कार्डं घेतली.

हळदीच्या त्या दोन तुटलेल्या क्लिपचं काकाजींनी नवरीच्या वडिलांना स्वतः घरी जाऊन सांगितलं, आणि पाहुण्यांच्या मोबाईलमधले व्हिडिओ मागून घेऊन त्या जागी जोडले.